टाळ्या थांबल्यानंतरचं गाणं

गिरगावातल्या काँग्रेस हाउसच्या आवारातला जिना हॉल हा मुळात राजकारणाचा. १९१८ च्या डिसेंबरात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या गौरवसभेला बॅरिस्टर जिनांनी टाउन हॉलमध्ये जाऊन विरोध केला, त्याची आठवण म्हणून मुंबईकरांनी वर्गणी काढून हे सभागृह उभारलं. गाण्याच्या माणसांच्या लक्षात मात्र ते राहिलं वेगळ्याच कारणानं. १९३६ साली प्रा. बी. आर. देवधरांनी भरवलेल्या संगीत परिषदेत बेळगावकडचा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा इथं गायला. समोर नावाजलेले गवई आणि गाणं ऐकून ऐकून कान तयार झालेले मुंबईकर. लहान मुलाचं कौतुक करावं, पाठीवर थाप द्यावी आणि पुढच्या कलाकाराकडं वळावं, एवढ्याच अपेक्षेनं बसलेल्या त्या सभेला त्यानं अक्षरशः खिळवून ठेवलं. त्या दिवसापासून कुमार गंधर्व हे नाव मुंबईच्या तोंडी बसलं.

एखादा नवा गायक येतो, आणि शंभर नव्या गायकांतून नेमकं त्याच्याकडंच आपलं लक्ष का जातं? आणि लक्ष गेलेल्या हजारांपैकी मोजकेच लोक पुढं आयुष्यभर त्याचे होऊन का राहतात? या दोन प्रश्नांची उत्तरं एकच असतील असं आपण धरून चालतो. कुमारजींचं चरित्र नीट पाहिलं, तर ती एक नाहीत हे ध्यानात येतं. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगायची, पण गवयाच्या बाजूनं नव्हे, समोर बसलेल्या माणसाच्या बाजूनं.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचं मूळ नाव. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावचा. वडील स्वतः गाणारे. घरात गाणं होतं, पण या मुलाला कोणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. सहा-सात वर्षांचा असताना तो एकाएकी गायलाच लागला, आणि गायला तेही ग्रामोफोनवर ऐकलेलं. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे अशा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या त्याच्या गळ्यातून जशाच्या तशा बाहेर पडत. तीन मिनिटांच्या त्या तबकडीतली एकेक हरकत, एकेक मुरकी, आवाजाची ठेवण, सगळं तंतोतंत. एका लिंगायत स्वामींनी ते ऐकून त्याला कुमार गंधर्व म्हटलं आणि तेच नाव पुढं कायम झालं. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. देवधरांच्या परिषदेपर्यंत तो पोचला तो अशा वाटेनं.

आता जिना हॉलमधल्या श्रोत्यांचा विचार करा. त्यांना त्या दिवशी नवं काय ऐकायला मिळालं? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. त्या चिजा त्यांना पाठ होत्या, ते आवाज त्यांच्या ओळखीचे होते. ज्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता त्यांनीही शेजारच्या बिऱ्हाडात किंवा इराण्याच्या हॉटेलात त्या तबकड्या ऐकलेल्या. ओळखीचा सूर बिनओळखीच्या ठिकाणाहून आला, हाच खरा धक्का होता. साठीच्या बुवांची तान बारा वर्षांच्या पोराच्या गळ्यातून निघाली. आपण नव्या कलाकाराकडं वळतो ते बहुधा असंच. संपूर्ण नवं असेल ते कानाला परकं वाटतं, आपण ते ओलांडून पुढं जातो. संपूर्ण जुनं असेल तर मान वर करण्याची गरज वाटत नाही. ओळख आणि नवल ही दोन्ही एका वेळी समोर आली, की माणूस थबकतो.

शिवाय त्या दिवशी मुलाच्या पाठीशी उभे होते देवधर. हेही विसरून चालणार नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांचे ते शिष्य. ऑपेरा हाउसजवळ त्यांनी १९२५ साली 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' काढलं होतं. नाना घराण्यांचे गवई त्यांच्याकडं येत-जात, बसत, गात. स्वतः त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा आणि आवाजाच्या शास्त्राचाही अभ्यास केलेला. अशा माणसानं एखाद्या मुलाला व्यासपीठावर बसवलं, तर ऐकणारा सावरून बसतो. नव्या गायकाला पहिली दहा मिनिटं मिळतात ती त्याला पुढं करणाऱ्याच्या भरवशावर. अकराव्या मिनिटापासून पुढचं ज्याचं त्यानं कमवायचं. आमच्या बँकेच्या धंद्यात असंच असे. ओळख देणारा चांगला असला की खातं उघडून मिळायचं, पण ते चालतं ठेवायचं काम खातेदाराचं.

अशा बालकलाकारांचं पुढं काय होतं हे आपण सगळेच पाहत आलो आहोत. आवाज फुटतो, वय वाढतं, आणि बारा वर्षांच्या मुलानं केलेलं नवल अठराव्या वर्षी नवल राहत नाही. टाळ्या हळूहळू विरळ होतात. कुमारच्या वडिलांना आणि देवधरांना ही गोष्ट कळली होती असं पुढच्या घडामोडींवरून म्हणावं लागतं. १९३६ मध्येच मुलगा देवधरांच्या हवाली झाला आणि पुढची दहा-अकरा वर्षं तिथंच शिकत राहिला. ज्याला सगळं येतं असं जगाला वाटत होतं, त्याला राग म्हणजे काय, बंदिश म्हणजे काय, इथपासून विचार करायला शिकायचं होतं. नकलेतून बाहेर पडून स्वतःचा आवाज शोधायचा होता. देवधरांच्या शाळेचा मोठा गुण हा, की तिथं एकच घराणं खरं असं कोणी सांगत नव्हतं. अंजनीबाई मालपेकरांसारख्या थोर गायिकेकडूनही कुमारला विद्या मिळाली. मैफली चालूच होत्या, नाव वाढत होतं, पण ऑपेरा हाउसचा तो जिना चढणं थांबलं नाही. घरात गाणारं मूल असलेल्या आईबापांनी जिना हॉलमधल्या त्या एका दिवसापेक्षा या अकरा वर्षांकडं अधिक लक्ष द्यावं, असं मला वाटतं.

त्या काळात त्यांना ऐकून भारावलेल्यांत कलकत्त्याची एक शाळकरी मुलगीही होती, वसुंधरा श्रीखंडे. त्या गाण्याच्या ओढीनं ती पुढं शिकायला मुंबईला आली आणि देवधरांच्या शाळेत दाखल झाली. चाहता होणं म्हणजे काय याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. तिचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

१९४७ च्या एप्रिलमध्ये कुमारजींचं लग्न झालं, देवधरांकडंच शिकलेल्या, कराचीहून आलेल्या भानुमती कंस यांच्याशी. आणि त्याच सुमारास निदान झालं क्षयाचं.

आजच्या वाचकाला या शब्दाची दहशत कळणार नाही. लालबाग-परळमध्ये माझं बालपण गेलं. तिथं हा शब्द मोठी माणसं आवाज खाली आणून उच्चारत. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, गिरणीतला कापसाचा तंतू, कोंदट हवा. एकाला खोकला लागला की साऱ्या चाळीला घोर लागायचा. रोग्याचा पेला वेगळा, अंथरूण वेगळं. शिवडीच्या इस्पितळात नेलं म्हटल्यावर बायका डोळ्यांना पदर लावत. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध अमेरिकेत १९४३ साली शोधलं गेलं होतं, पण इथल्या रोग्यांपर्यंत ते पोचायला वर्षं लागली. तोवर उपाय म्हणजे कोरडी हवा, सकस अन्न आणि संपूर्ण विश्रांती. गवयाच्या बाबतीत विश्रांतीचा अर्थ एकच, गाणं बंद.

३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, कुमारजी माळव्यातल्या देवासला राहायला गेले. इंदूरजवळचं हे टेकडीच्या पायथ्याचं लहानसं गाव. रजब अली खाँसाहेबांमुळं ते गाणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं तिथल्या संस्थानावर लिहिलेल्या पुस्तकामुळं पुढं जगालाही थोडंफार ठाऊक झालं. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. पाच-एक वर्षं हा माणूस खाटेवर पडून होता. एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं.

पण कान निकामी झाले नव्हते. गाता येत नाही म्हटल्यावर तो ऐकू लागला. रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, पावसाळ्यातली, पाळण्याची. दारावर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. त्या चार-पाच सुरांच्या धुनांत रागांची बीजं दडली आहेत असं त्यांच्या ध्यानात येऊ लागलं. जिना हॉलमध्ये ज्यानं हजारांना ऐकवलं, तो आता गावातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांचा श्रोता झाला होता. आजवर कित्येकदा ऐकूनही कोणी न ऐकलेलं ते गाणं त्यांनी ऐकलं. माझ्या मते कुमारजींचा दुसरा जन्म झाला तो इथं.

औषध मिळालं, प्रकृती सुधारली, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. गाणं मात्र तेच राहिलं नव्हतं. एका फुफ्फुसावर लांबलचक दमसास येणार कुठून? मग तुकड्यातुकड्यांनी येणारी, विजेसारखी चमकून जाणारी तान आली. मध्येच एखादा सूर तारेसारखा वर फेकायचा आणि थांबायचं. तो थांबणंही गाण्याचाच भाग झाला. त्या रिकाम्या जागेत तंबोरे बोलत, आणि त्यांचे तंबोरे असे काही लागत की नुसते तेच ऐकत बसावं. धुनांमधून नवे राग आले, मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी. बंदिशी आल्या. गिरगावच्या मौज प्रकाशनानं १९६५ साली त्यांचा 'अनूपरागविलास' प्रसिद्ध केला, तेव्हा या कामाचा आवाका लोकांना दिसला.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ. या परत आलेल्या गवयाचं मुंबईनं काय केलं? स्वागत केलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कुतूहल होतं, सहानुभूतीही होती. पण सहानुभूतीवर एका संध्याकाळचं तिकीट खपतं, दुसऱ्या संध्याकाळचं नाही. मुंबईचा श्रोता दुभंगला. रागाची बढत सुरामागून सूर, मजल्यावर मजला चढवत व्हावी अशी सवय असलेल्यांना हे गाणं तुटक वाटलं. घराण्याची शिस्त कुठं आहे, असं ते विचारत. घराण्याच्या चौकटीबद्दल कुमारजींची मतं परखड असत, त्यामुळं वाद आणखी पेटे. दुसऱ्या बाजूला असे लोक होते, की ज्यांना वाटे, राग म्हणजे काय हे आपल्याला आज पहिल्यांदा कळलं. पु. ल. देशपांड्यांसारखा महाराष्ट्राचा लाडका माणूस या दुसऱ्या पक्षात होता, आणि तो जिथं जाई तिथं कुमारांबद्दल भरभरून बोले. १९३६ साली देवधरांनी केलेलं काम आता पुलंसारखे स्नेही करत होते.

हे वाद मी घरात ऐकलेले आहेत. माझे एक मामा गिरगावात राहत, बालगंधर्वांचे कट्टर भक्त. नारायणरावांची पदं ही त्यांना देवघरासारखी होती. कुमारजींनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम करायला घेतला तेव्हा मामांचं म्हणणं असं, की यात उमजायचं काय राहिलं आहे? चुका काढायच्या तयारीनं ते गेले. परत आल्यावर दोन दिवस भेटेल त्याच्याशी तावातावानं भांडत होते. अमुक जागा अशी नव्हतीच, तमुक पद इतकं हळू नव्हतंच. तिसऱ्या दिवशी ते हार्मोनियमवर ती जागा शोधत बसलेले आम्हाला दिसले. पुढचा कार्यक्रम लागला तेव्हा तिकिटांच्या रांगेत ते होते. भांडण मिटलं होतं असं नव्हे. पण ज्या पदांना ते चाळीस वर्षं नमस्कार करत आले होते, ती त्यांनी त्या दिवसांत पुन्हा ऐकली होती.

लालबागला आमच्या वडिलांची कथा निराळी. अण्णा गिरणीतले. तिकीट काढून गाणं ऐकणं ही त्यांच्या लेखी साहेबलोकांची चैन. पण चाळीच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवत आणि एकादशीला रात्रभर जागत. रेडिओ घरात आला आणि एके दिवशी त्यावर कुमारजींचं कबीराचं भजन लागलं. ना टाळांचा गजर, ना कोरस. एकच आवाज, तंबोरा आणि मधली ती शांतता. अण्णा उठून रेडिओजवळ जाऊन उभे राहिले. राग कोणता, ताल कोणता, घराणं कोणतं याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. एकच फुफ्फुस आहे हो या माणसाला, असं कोणीतरी त्यांना नंतर सांगितलं. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या धाकट्या भावाला शिवडीला नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. पण मी सांगतो, ते रेडिओजवळ गेले ते ही हकीकत कळण्याच्या आधी. हकीकतीनं गाणं मोठं होत नाही. मोठं गाणं ऐकून झाल्यावर हकीकत आत उतरते, इतकंच.

आमच्या पिढीला कुमारजी भेटले ते आणखी तिसऱ्याच दारानं. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी वसंत देसाईंच्या संगीतात त्यांनी गाणी गायली, त्यातलं एक वाणी जयराम यांच्याबरोबर. ती रेडिओनं घराघरांत नेली. शाळेची तयारी करताना, वेणी घालून घेताना, स्टोव्हच्या आवाजावरून ती कानांवर पडत. ज्यांनी आयुष्यात ख्याल ऐकला नाही अशा लाखो मराठी माणसांना तो आवाज घरातल्यासारखा झाला. मग कॉलेजात असताना दादरला एखाद्या कार्यक्रमाची पाटी दिसली की पाय आपोआप वळत. ओळख आधीच झालेली असे. आणि आत जाऊन बसल्यावर समोर यायचं ते मात्र भलतंच, त्या ओळखीपेक्षा कितीतरी खोल. जिना हॉलमधलंच सूत्र पुन्हा, पण उलट्या अंगानं. तिथं ओळखीचं गाणं बिनओळखीच्या मुलाकडून आलं होतं. इथं ओळखीच्या माणसाकडून बिनओळखीचं गाणं येत होतं.

गिरगावचे मामा, लालबागचे अण्णा आणि दादरच्या पाटीपाशी थांबणारा मी. तिघांच्या वाटा निराळ्या, पण एक गोष्ट तिघांत सारखी होती. प्रत्येकाला थोडं काम करावं लागलं. मामांना आपली स्मृती तपासावी लागली, अण्णांना टाळांशिवाय भजन ऐकायला शिकावं लागलं, आणि मला गाण्यातल्या शांततेत बसायची सवय करावी लागली. नवल ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही, फक्त टाळी घेतं आणि जातं. जे गाणं आपल्याकडून काही मागतं आणि आपण ते देतो, ते आपलं होतं. आपण ज्यात काही घातलं आहे ते माणूस सहजी सोडत नाही. कुमारजींचे चाहते इतके हट्टी, इतके भांडखोर आणि इतके निष्ठावंत का होते, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

संसारात मात्र पुन्हा घाव बसला. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. कलकत्त्यात त्यांना ऐकून मुंबईला आलेली तीच मुलगी आता मैफलीत तंबोरा घेऊन शेजारी बसू लागली, सूर देऊ लागली, त्यांचा दम जिथं थांबे तिथून तो पुढं नेऊ लागली. ऋतूंवरचे 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत', कबीर-सूर-मीरेची 'त्रिवेणी', माळव्याच्या लोकधुना, असे एकेक कार्यक्रम कुमारजींनी रचले. प्रत्येक कार्यक्रमात श्रोत्याला काही नवं शिकावं लागे, आणि श्रोते येत राहिले. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लालबागच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, मामांच्या वाडीची इमारत झाली. आज गाणारी मुलं दूरदर्शनच्या पडद्यावर दर हंगामाला दिसतात. दहा-बारा वर्षांची, मोठ्यांची गाणी जशीच्या तशी म्हणणारी. त्यांच्यातली कितीतरी खरोखर गुणी आहेत. त्यांना ऐकून आपल्या अंगावर काटा येतो, यात लबाडी काही नाही. जिना हॉलमध्येही तो आलाच होता. पण पुढच्या हंगामात आपल्याला त्यांची नावं आठवत नाहीत, आणि दोष आपण त्या मुलांना देतो. त्यांना एखादे देवधर मिळाले का, अकरा वर्षं मिळाली का, हे कोणी विचारत नाही. आणि दुसऱ्यांदा ऐकायला येणारे श्रोते मिळाले का, हेही नाही.

देवधर होणं आपल्या हातात नाही. श्रोता होणं आहे. आपल्या गल्लीच्या गणपतीत, शाळेच्या सभागृहात, दादरच्या एखाद्या छोट्या कार्यक्रमात नवा मुलगा किंवा मुलगी गायला बसली आणि आपण थबकलो, तर टाळी जरूर द्यावी. पण तिथंच थांबू नये. वर्षभरानं, तो मुलगा थोडा मोठा झाल्यावर, आवाज बदलल्यावर, नवल ओसरल्यावर, पुन्हा एकदा त्याला ऐकायला जावं. त्या वेळी सभागृहात बहुधा थोडीच माणसं असतील. पुढच्या खुर्च्या रिकाम्या असतील. तिथं जाऊन बसावं.